मॅच हाय, पण आत कोण जाणार? कोरोनातल्या तिकिटामागची जुनी गोष्ट

११ जुलै २०२१ चा रविवार कोल्हापूरच्या फुटबॉलवाल्यांना अजून आठवत असणार. पहाटे साडेपाचला कोपा अमेरिकेची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध ब्राझील, आणि त्याच रात्री साडेबाराला युरोची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेची फायनल, इटली विरुद्ध इंग्लंड. एरवी असली जोडी एका दिवसात आली असती तर पेठापेठांत पडदे लागले असते, कटआऊट तर आठवडाभर आधीच उभे राहिले असते. पण तेव्हा आपल्याकडं दुसरी लाट हटायला तयार नव्हती, जिल्ह्याचा पॉझिटिव्हिटी रेट राज्यात वरच्या नंबरात, मग काय, जो तो आपापल्या घरात टीव्हीसमोर नायतर मोबाईल उशीला टेकवून.

त्या दिवशी दोन्ही मॅच बघितलेल्यांना एक गोष्ट खटकली असणार. ब्राझीलमधलं मारकाना मैदान म्हणजे फुटबॉलचं मंदिर, आणि तिथं मेस्सी अर्जेंटिनाचा २८ वर्षांचा दुष्काळ संपवतोय तर गॅलऱ्या जवळजवळ रिकाम्या, १० टक्क्यांच्या मर्यादेत आणलेली मोजकी माणसं. रात्री लंडनचं वेम्बली बघितलं तर ६७ हजार लोक गळ्यात गळे घालून. व्हायरस दोन्हीकडं तोच की. मग हितं एवढे आणि तितं तेवढे, हे ठरवलं कुणी? आणि जे आत गेले त्यांना तिकीट मिळालं कसं? मी तवापासून ह्या विषयाच्या मागं लागलोय, आणि बघत गेलं तर ही गोष्ट कोरोनाच्या लई आधी सुरू होते.

आधी आपलं सांगतो, म्हणजे फरक ध्यानात येईल. कोल्हापुरात फुटबॉल वाढला तो तालमींतून. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात पेठापेठांतल्या तालमी कुस्तीनं गजबजल्या, नंतर त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलच्या टीम उतरल्या, पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, आणि जोडीला प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, आपण सगळे केएसए म्हणतो ती. त्यामुळं शाहू स्टेडियमवर माणूस एकटा मॅचला जात नाही, पेठ जाते. गॅलरीत कोण कुठं बसणार हे तिकिटावर लिहिलेलं नसतंय तरी सगळ्यांना पाठ असतंय. तिकीट खिडकीवर काढलं, चुरगळून खिशात घातलं, की विषय संपला. तिकीट म्हणजे फक्त आत जायची चिठ्ठी, आपण कोण ते गॅलरी सांगते.

इंग्लंडमधी पण सुरुवातीला असंच होतं. दारात पैसे द्या आणि आत जा. ते बदललं २८ एप्रिल १९२३ ला. नवंकोरं वेम्बली, तिथली पहिलीच एफए कप (इंग्लंडच्या क्लबांची मोठी स्पर्धा) फायनल, बोल्टन विरुद्ध वेस्ट हॅम. मैदानाची क्षमता सव्वा लाखाच्या आसपास धरलेली, उभं राहून बघणाऱ्यांनी दारात पैसे भरून आत यायचं. आले किती तर अधिकृत आकडा १ लाख २६ हजार, आणि अंदाज सांगणारे दोन लाखांच्या वर जातात. गेट बंद केली तर लोक भिंतीवरून आत. माणसं थेट मैदानात, टचलाईन दिसेना, शेवटी घोड्यावरच्या पोलिसांनी इंच इंच मागं सारत जागा केली. त्यात एक पांढरा घोडा सगळ्या फोटोंत उठून दिसला म्हणून त्या मॅचला आजही पांढऱ्या घोड्याची फायनल म्हणतात. बोल्टन २-० नं जिंकलं, ते कुणाच्या लक्षात नाही, घोडा लक्षात हाय.

त्यानंतर फायनलला आधी तिकीट काढल्याशिवाय प्रवेश नाही असं झालं. आणि तिथंच खरा किडा वळवळला. दारात रांग असली की जो आधी आला तो आत, त्यात वाद नाही. पण तिकिटं आधीच वाटायची म्हटलं की कुणाला किती ते कुणीतरी ठरवायला लागतंय. क्लबला एवढी, असोसिएशनला एवढी, पाहुण्यांना एवढी. कोटा आला की वशिला आला, आणि वशिला आला की ब्लॅक आलं, हे आपल्याला काय वेगळं सांगायला नको.

मग क्लबांनी आपले खरे समर्थक कोण हे शोधायच्या युक्त्या काढल्या. मला सगळ्यात आवडलेली म्हणजे टोकन. मॅचला जे छापील कार्यक्रमपत्रक मिळायचं त्यात एक कुपन असायचं, ते कापून कागदावर चिकटवत जायचं, सीझनभर. पुढं मोठी मॅच आली की तो चिकटवलेला कागद दाखवायचा, ज्याची कुपनं जास्त त्याला तिकीट. म्हणजे पावसापाण्यात, टीम हरत असताना, मोकळ्या मैदानावर जो आला त्याला फायनल बघायचा हक्क. हेच पुढं कॉम्प्युटरवर गेलं आणि त्याचे लॉयल्टी पॉईंट झाले. आपल्याकडं असं काय कुणी केलं असतं तर काही काकांचे कागद दोन वह्या भरून निघाले असते, खोटं नाही सांगत.

गर्दीला मर्यादा घालायचं कायदेशीर काम मात्र मेलेल्या माणसांवरून झालं. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्सवर मॅच सुटताना जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ जण गेले, त्यातून १९७५ चा मैदान सुरक्षेचा कायदा आला आणि कुठल्या मैदानात जास्तीत जास्त किती माणूस घ्यायचा हे परवान्यावर लिहायला लागलं. आपल्या देशात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डनवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचमधी १६ जण गेले, कोलकात्यात तो दिवस अजून पाळतात. मग १५ एप्रिल १९८९, इंग्लंडमधलं हिल्सबरो मैदान. चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले. त्याच्या चौकशीनंतर इंग्लंडच्या वरच्या लीगमधी उभं राहून मॅच बघायचंच बंद झालं, प्रत्येकाला खुर्ची, प्रत्येक खुर्चीला नंबर. हे महत्त्वाचं हाय, कारण २०२० साली सरकारं जेव्हा म्हणाली की ह्या ओळीतल्या दोन खुर्च्या सोडून तिसऱ्यावर बसवा, तेव्हा ते करता आलं ते ह्या नंबरमुळं. उभ्या गॅलरीत अंतर कसलं मोजणार.

आता कोरोना. सुरुवातीला कुणाला कायच अंदाज नव्हता. १९ फेब्रुवारी २०२० ला बेर्गामोचा क्लब अटालांटा विरुद्ध स्पेनचा व्हॅलेन्सिया ही मॅच मिलानच्या सान सिरोवर झाली, बेर्गामो गावातनं ४० हजाराच्या आसपास लोक बसनं, रेल्वेनं गेले, आणि पुढच्या काही आठवड्यांत बेर्गामो इटलीतलं सगळ्यात वाईट हाल झालेलं गाव ठरलं. सगळा दोष मॅचचाच असं नाही म्हणता येत, पण हातभार लागला असं तिथले डॉक्टर आणि महापौरच म्हणाले. ११ मार्चला, म्हणजे ज्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली त्याच दिवशी, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर ५२ हजार लोक होते आणि त्यात माद्रिदहून आलेले ३ हजार. माद्रिदमधी तेव्हा स्वतःच्या मैदानावर लोकांना बंदी, आणि तिथले लोक विमानानं येऊन इंग्लंडमधी बसले. दोन दिवसांत प्रीमियर लीग थांबली.

१६ मेला जर्मनीत लीग परत सुरू झाली, रिकाम्या मैदानात. ग्लाडबाख क्लबच्या समर्थकांनी १९ युरो भरून स्वतःचे पुठ्ठ्याचे कटआऊट खुर्च्यांवर बसवले. आपण कोल्हापूरकर मेस्सीचे कटआऊट लावतो, तिथं प्रेक्षकांचे लागले!

खरा तमाशा माणसं परत आत घ्यायची वेळ आली तेव्हा. सप्टेंबर २०२० ला जर्मनीनं क्षमतेच्या २० टक्क्यांपर्यंत परवानगी दिली, डॉर्टमुंडच्या ८१ हजारांच्या मैदानात नऊ-साडेनऊ हजार. तिथल्या कट्टर ग्रुपांनी सरळ सांगितलं, सगळे येणार असतील तर येतो, निम्मे आत निम्मे बाहेर असं आम्हाला नको. मला हे वाचताना तालमी आठवल्या. समजा शाहू स्टेडियमवर पाटाकडील-प्रॅक्टिस मॅच हाय आणि दोन हजारच माणूस घ्यायचाय म्हणून लॉटरी काढली, आणि तालमीतल्या दहा पोरांपैकी एकाचा नंबर लागला. जाईल का तो एकटा? गेला तर शिट्टी वाजवून करणार काय, शेजारची तीन खुर्च्या पलीकडची व्यक्ती कुठल्या पेठेतली तेच माहीत नाही.

इंग्लंडमधी नेमकी ही दोन हजारांचीच मर्यादा आली. २ डिसेंबर २०२० पासून देशाचे तीन थर केले, पहिल्या थरात ४ हजार, दुसऱ्यात २ हजार, तिसऱ्यात शून्य. लिव्हरपूल दुसऱ्यात, मँचेस्टर तिसऱ्यात. म्हणजे तासाभराच्या अंतरावरच्या दोन गावांत एकीकडं मॅचला माणसं आणि एकीकडं कुलूप. ६ डिसेंबरला वुल्व्हस विरुद्ध अ‍ॅनफिल्ड उघडलं. विचार करा, ३० वर्षांनी लीग जिंकली ती रिकाम्या मैदानात, आणि चॅम्पियन म्हणून टीमला पहिल्यांदा बघायला जागा दोन हजार, तर नुसती सीझन तिकीटवाली माणसंच २७ हजारांच्या घरात. टोकनची वही, पॉईंट, बापजाद्यांपासूनची सीट, सगळं बाजूला. ड्रॉ काढला. त्यात पण तिसऱ्या थरातल्या पत्त्याचा माणूस बाद, पाहुण्या टीमचे समर्थक तर बंदच. म्हणजे शंभर वर्षं क्लब शोधत होते की कट्टर कोण, आणि महामारीनं विचारलं की राहायला कुठं. आणि एवढं करून दोन-तीन आठवड्यांत लंडन तिसऱ्या थरात गेलं, नवा व्हेरियंट आला आणि दारं परत बंद.

युरोची गोष्ट ह्याच्याहून वाकडी. ती स्पर्धा होती २०२० ची, तिकिटं विकायला काढली २०१९ मधी, पहिल्याच फेरीत १ कोटी ९३ लाख मागण्या आल्या. मग स्पर्धा वर्षानं पुढं. आता विकलेली तिकिटं जास्त आणि परवानगीच्या खुर्च्या कमी. पैसे परत घ्या म्हणून संधी दिली, तरी जास्त उरली तिथं उलटी लॉटरी काढली, म्हणजे तिकीट कुणाला मिळणार ह्याची नाही, तर हातातलं तिकीट कुणाचं रद्द होणार ह्याची. ह्याच्यापेक्षा वाईट चिठ्ठी मी तरी ऐकली नाही. परवानगी पण ज्या त्या गावची वेगळी. बुडापेस्टनं पूर्ण मैदान उघडलं, म्युनिकला १४ हजार, डब्लिननं प्रेक्षकांची हमी देता येत नाही म्हटल्यावर त्यांच्या मॅच काढून घेतल्या, बिल्बाओच्या सेव्हियाला नेल्या. वेम्बली आधी पाव भरलं, मग निम्मं, आणि शेवटी ६० हजारांच्या पुढं. दारात लसीचा पुरावा नायतर ४८ तासांतली निगेटिव्ह टेस्ट, तिकीट फक्त मोबाईलवर.

आणि तरीपण फायनलला काय झालं? आत खुर्च्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्यात हे बाहेरच्या सगळ्यांना माहीत होतं. तिकीट नसलेले सुमारे दोन हजार लोक गेट फोडून, ढकलाढकली करून आत शिरले, नंतरच्या चौकशी अहवालात सगळं आलंय. १९२३ ला भिंतीवरून आलेले, २०२१ ला गेटमधनं, मैदान नवं बांधलेलं, पण जागा तीच, वेम्बली. घोडा तेवढा नव्हता.

आपल्याकडं हा प्रश्नच आला नाही, कारण आपण दारच उघडलं नाही. १४ मार्च २०२० ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल गोव्यात प्रेक्षकांविना झाली आणि पुढचे दोन सीझन अख्खी लीग गोव्यात, बबलमधी, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोला. कोल्हापूरकराची ह्यात वेगळीच जळजळ. देशातला सगळ्यात मोठा फुटबॉल आंबोलीचा घाट उतरला की समोर, गाडीला किक मारली तर दुपारपर्यंत पोचतोय, आणि दोन वर्षं आत प्रवेश नाही. आधी तर जिल्ह्याबाहेर पडायलाच ई-पास. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यावर हैदराबाद-केरळा फायनलला मात्र पूर्ण मैदान उघडलं आणि केरळची पोरं शेकडो किलोमीटर तुडवून आली, पिवळं करून टाकलं सगळं. त्याच महिन्यात आयपीएलला महाराष्ट्रात २५ टक्के प्रेक्षक, नंतर ५०.

तिकडं मर्यादा गेल्या, पण मोबाईल तिकीट राहिलं. ज्या म्हाताऱ्यांनी पन्नास वर्षं कागदी तिकिटं बिस्किटाच्या डब्यात जपली त्यांना आता नातवाला विचारायला लागतंय, कोड कुठं उघडतो म्हणून.

अर्जेंटिनावाल्यांसाठी एक राहिलंच. कोपा जिंकलेला कप त्यांच्या लोकांनी डोळ्यांनी बघितला तो दोन महिन्यांनी, ९ सप्टेंबर २०२१ ला, बोलिव्हियाविरुद्ध ब्युनोस आयर्सच्या मोन्युमेंटलवर, ३० टक्के प्रेक्षक. मेस्सीनं हॅटट्रिक मारली, देशाकडून सगळ्यात जास्त गोलांचा पेलेचा दक्षिण अमेरिकेतला विक्रम मोडला आणि कप हातात घेऊन ढसाढसा रडला. आपल्याकडं तेव्हा १० तारखेची पहाट, गणेश चतुर्थी. मॅच बघून तसाच उठलो, आंघोळ केली आणि मूर्ती आणायला बाहेर पडलो. त्या साली घरच्या गणपतीला उंचीची मर्यादा दोन फूट होती, मंडळाच्या चार.