कॅलिफोर्नियातील प्रत्यक्ष लोकशाही

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मतदार विधिमंडळाला बाजूला ठेवून स्वतः कायदा करू शकतात, विधिमंडळाने केलेला कायदा अडवून त्यावर मतदान मागू शकतात आणि निवडून दिलेल्या माणसाला मुदत संपण्याआधी पदावरून उतरवू शकतात. पहिल्या अधिकाराला इनिशिएटिव्ह (लोकोपक्रम), दुसऱ्याला रेफरेंडम (सार्वमत) आणि तिसऱ्याला रिकॉल (प्रत्यावाहन) म्हणतात. १० ऑक्टोबर १९११ रोजी झालेल्या विशेष मतदानाने हे तिन्ही अधिकार राज्यघटनेत आले. अमेरिकेच्या संघराज्य पातळीवर यांपैकी एकही अधिकार नाही. हा प्रयोग राज्यांचा आहे, आणि त्याचे सर्वांत चांगले व सर्वांत वाईट असे दोन्ही परिणाम कॅलिफोर्नियात पाहायला मिळतात.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाचे राजकारण सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या मुठीत होते. मालवाहतुकीचे दर कंपनी ठरवी. त्या दरांवर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेले रेल्वे आयोगाचे सदस्यही बहुधा तिच्याच मर्जीतले असत. पक्षांच्या अधिवेशनांत उमेदवार ठरत, आणि तिथे कंपनीचा शब्द चाले. आमदार, न्यायाधीश व पत्रकारांना रेल्वेचे फुकट पास मिळत. मतदाराला मत होते, पण त्याच्यापुढे येणारी नावे आधीच पारखून घेतलेली असत.

त्यावर उपाय सुचवणाऱ्यांत लॉस एंजेलिसचे डॉक्टर जॉन रँडॉल्फ हेन्स अग्रभागी होते. स्वित्झर्लंडमध्ये १८७४ पासून कायद्यांवर सार्वमत मागता येत होते, १८९१ पासून घटनादुरुस्तीही सह्या गोळा करून मांडता येत होती. हा अनुभव अमेरिकी सुधारकांच्या वाचनात आला होता. साउथ डकोटाने १८९८ मध्ये लोकोपक्रम व सार्वमत स्वीकारले. ऑरेगनने १९०२ मध्ये तेच केले आणि विल्यम यू’रेन यांच्या चिकाटीमुळे ते प्रत्यक्षात वापरूनही दाखवले. हेन्स यांनी सुरुवात शहरापासून केली. त्यांच्या आग्रहामुळे १९०३ मध्ये लॉस एंजेलिसच्या सनदेत प्रत्यावाहनाचे कलम आले. अमेरिकेत असे कलम पहिल्यांदाच लिहिले गेले. पुढच्याच वर्षी जे. पी. डेव्हनपोर्ट या नगरसेवकाला मतदारांनी त्या कलमाखाली घरी बसवले.

राज्य पातळीवर हा विषय नेला हायरम जॉन्सन यांनी. सॅन फ्रान्सिस्कोतील लाचखोरीच्या खटल्यात सरकारी वकील फ्रान्सिस हेनी यांच्यावर १९०८ मध्ये भर न्यायालयात गोळी झाडली गेली. तेव्हा जॉन्सन यांनी खटला हाती घेतला आणि शहराचा राजकीय सूत्रधार एब रूफ याला शिक्षा मिळवून दिली. त्यांचे वडील ग्रोव्ह जॉन्सन हे मात्र विधिमंडळात रेल्वेच्या बाजूचे म्हणून ओळखले जात. १९१० मध्ये सदर्न पॅसिफिकला राजकारणातून हाकलण्याच्या एकाच घोषणेवर मुलाने राज्यभर मोटारीने प्रचार केला आणि तो गव्हर्नर झाला.

१९११ चे मतदान

जॉन्सन यांच्या पहिल्या वर्षात विधिमंडळाने तेवीस घटनादुरुस्त्या मतदारांपुढे ठेवल्या. त्यांतल्या बावीस मंजूर झाल्या. लोकोपक्रम व सार्वमत ही सातवी दुरुस्ती होती, प्रत्यावाहन ही आठवी. चौथ्या दुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाला, तोही अवघ्या ३,५८७ मतांच्या फरकाने. म्हणजे नव्या अधिकारांच्या बाजूने कौल देणारे सगळे मतदार पुरुष होते, आणि त्याच दिवशी मतदारसंख्या जवळजवळ दुप्पट होण्याची वाट मोकळी झाली.

सर्वांत कडवा विरोध झाला तो न्यायाधीशांच्या प्रत्यावाहनाला. न्यायाधीश लोकांच्या रागाला भिऊन निकाल देतील, असा आक्षेप होता. जॉन्सन मागे हटले नाहीत. न्यायपीठावरही रेल्वेचा हात पोहोचला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मतदारांनी ही दुरुस्ती तीन चतुर्थांशांहून अधिक मतांनी स्वीकारली. याच मुद्द्यावर अध्यक्ष टाफ्ट यांनी ऑगस्ट १९११ मध्ये ॲरिझोनाला राज्याचा दर्जा नाकारला होता. ॲरिझोनाने न्यायाधीशांचे कलम वगळले, फेब्रुवारी १९१२ मध्ये दर्जा मिळवला आणि त्याच वर्षी ते कलम पुन्हा घटनेत घातले. लोकोपक्रमाची व्यवस्था अमेरिकी राज्यघटनेने राज्यांना दिलेल्या ‘प्रजासत्ताक शासनपद्धती’च्या हमीशी विसंगत आहे, असा आक्षेप ऑरेगनमधील एका टेलिफोन कंपनीने सर्वोच्च न्यायालयात घेतला. १९१२ मध्ये न्यायालयाने हा प्रश्न राजकीय आहे, आमच्या कक्षेतला नाही, असे सांगितले. राज्यांचा मार्ग त्यामुळे निर्वेध झाला.

कार्यपद्धती

लोकोपक्रमासाठी मसुदा ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) द्यावा लागतो. सोबत २,००० डॉलर शुल्क. प्रस्ताव मतपत्रिकेवर पोहोचला तर ते परत मिळते. ॲटर्नी जनरल मसुद्याला शीर्षक व सारांश देतो, तिजोरीवरचा भार तज्ज्ञ विश्लेषक मांडतात. त्यानंतर सह्या गोळा करायला १८० दिवस मिळतात. साधा कायदा असेल तर मागच्या गव्हर्नर निवडणुकीतील एकूण मतांच्या ५ टक्के सह्या लागतात, घटनादुरुस्ती असेल तर ८ टक्के. २०२२ च्या निवडणुकीनंतर हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ इतके ठरले. प्रत्येक काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) आपल्याकडे आलेल्या सह्यांतून ५०० किंवा ३ टक्के, यांपैकी जास्त असतील तेवढ्या तपासते. त्यावरून एकूण वैध सह्यांचा अंदाज बांधतात.

असा प्रस्ताव ‘प्रॉपोझिशन’ म्हणून क्रमांकासह मतपत्रिकेवर येतो आणि साध्या बहुमताने मंजूर होतो. इतर राज्यांपेक्षा इथला एक नियम वेगळा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. मतदारांनी केलेला कायदा विधिमंडळाला बदलता येत नाही. प्रस्तावातच तशी मुभा दिली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी चुकलेला शब्द सुधारायलाही पुन्हा मतदारांकडे जावे लागते. कॅलिफोर्नियाच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या नियमात आहे, लोकांच्या हाती सत्ता असण्यात नाही.

मतदाराला घरपोच माहितीपुस्तिका मिळते. तिच्यात प्रस्तावाचा पूर्ण मसुदा, विश्लेषण आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असतात. ती हिंदीसह अनेक भाषांत निघते. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्यस्तरीय सतरा प्रस्ताव एकाच वेळी आले आणि पुस्तिका दोनशेहून अधिक पानांची झाली. नोकरी-संसार सांभाळून ती वाचून काढणाऱ्या मतदाराची कदर करावी तेवढी थोडी आहे. पण ज्याला ते जमत नाही तो दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींच्या हाती सापडतो, हेही खरे.

प्रॉपोझिशन १३

६ जून १९७८ रोजी मंजूर झालेल्या या प्रस्तावाने राज्याचे अर्थकारण बदलले. सत्तरच्या दशकात घरांच्या किमती झपाट्याने वाढल्या आणि त्यांच्याबरोबर मालमत्ता कर वाढला. उत्पन्न न वाढलेल्या निवृत्त लोकांना स्वतःच्या घरात राहणे परवडेनासे झाले. विधिमंडळ वर्षानुवर्षे तोडगा काढू शकले नाही. हॉवर्ड जार्व्हिस व पॉल गॅन यांनी मग प्रस्ताव आणला : कर मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्याहून जास्त नसावा, मूल्य १९७५ च्या पातळीवर आणावे, ते वर्षाला जास्तीत जास्त २ टक्क्यांनी वाढावे आणि नवे मूल्यांकन मालकी बदलल्यावर किंवा नवे बांधकाम झाल्यावरच व्हावे. शिवाय राज्याचा कर वाढवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतील. सुमारे ६५ टक्के मतदारांनी होकार दिला.

लोकांचे दुखणे खरे होते, याबद्दल शंका नाही. पण औषध फार कडक निघाले. मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून खाली आले. शाळा व नगरपालिका पैशासाठी सॅक्रामेंटोवर, म्हणजे राज्याच्या राजधानीवर, अवलंबून राहू लागल्या. एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांपैकी जुन्या मालकाचा कर नव्या मालकाच्या तुलनेत कित्येक पटींनी कमी, अशी विषमता तयार झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ती वैध ठरवली. घरांबरोबर व्यापारी इमारतींनाही तेच संरक्षण मिळाले. ते काढण्याचा २०२० मधला प्रयत्न थोडक्यात फसला.

पैसा आणि सह्या

१९११ ची योजना एका कंपनीची पकड सोडवण्यासाठी होती. आज सह्या गोळा करणे हा धंदा आहे. बाजारापाशी उभी राहणारी माणसे बहुधा दर सहीमागे पैसे घेतात, आणि मुदत जवळ येईल तसा दर चढतो. अशा मोबदल्यावर बंदी घालता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कोलोरॅडोच्या प्रकरणात दिला. प्रस्तावांच्या प्रचारावर कंपन्या खर्च करू शकतात, हे त्याआधी १९७८ मध्ये ठरले होते.

याचा ठळक दाखला म्हणजे २०२० चे प्रॉपोझिशन २२. ॲपवर चालणाऱ्या टॅक्सी व डिलिव्हरी कंपन्यांच्या चालकांना कर्मचाऱ्यांचे हक्क द्यावेत, असा विधिमंडळाच्या कायद्याचा रोख होता. उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून चालकांना स्वतंत्र कंत्राटदार ठरवणारा प्रस्ताव मंजूर करून घेतला. त्यात दुरुस्तीसाठी सात-अष्टमांश बहुमताची अटही घातली. लोकांच्या नावाने केलेला कायदा लोकांच्याच प्रतिनिधींना हात लावता येऊ नये अशा बेताने लिहिला गेला, तर १९११ चा हेतूच उलटा होतो.

न मंजूर होताही प्रस्ताव काम करतो. २०१४ च्या सुधारणेनंतर सह्या पूर्ण झालेला प्रस्ताव मागे घेता येतो. २०१८ मध्ये अलास्टेर मॅक्टॅगार्ट यांनी ग्राहकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा प्रस्ताव असाच मागे घेतला, कारण विधिमंडळाने घाईने तसा कायदा केला. त्याच उन्हाळ्यात शीतपेय कंपन्यांनीही आपला प्रस्ताव मागे घेतला आणि बदल्यात शहरांनी शीतपेयांवर नवा कर बसवण्यास २०३० अखेरपर्यंत बंदी मिळवली.

अल्पसंख्याकांचे हक्क

बहुमताच्या थेट सत्तेची किंमत बहुधा अल्पसंख्याकांनी मोजली आहे. १९२० मध्ये मतदारांनी सुमारे तीनास एक अशा मतांनी परकीयांविरुद्धचा जमीन कायदा कडक केला. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. १९२३ मध्ये भारतीय लोक अमेरिकी नागरिकत्वास अपात्र ठरल्यावर इम्पीरियल व्हॅलीतील पंजाबी शेतकरीही त्यात अडकले. अनेकांना जमिनी दुसऱ्यांच्या नावावर ठेवाव्या लागल्या. हा कायदा रद्द केला तोही मतदारांनीच, नोव्हेंबर १९५६ मध्ये. त्याच निवडणुकीत त्याच खोऱ्यातून दलीपसिंग सौंद अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले.

१९६४ मध्ये घरे विकताना वर्णभेद करण्यास मोकळीक देणारा प्रस्ताव, १९९४ मध्ये कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना शाळा व आरोग्यसेवा नाकारणारा प्रस्ताव आणि २००८ मध्ये समलिंगी विवाह रोखणारा प्रस्ताव, हे तिन्ही मंजूर झाले आणि तिन्ही न्यायालयांत अडले. दुसऱ्या बाजूला १९७२ मध्ये समुद्रकिनाऱ्याचे रक्षण करणारा आयोग आणि २००८ मध्ये राज्य विधिमंडळाचे मतदारसंघ आखणारा स्वतंत्र आयोग हेही लोकोपक्रमातूनच आले. मतदारसंघ आखण्याचा अधिकार आमदारांनी आपणहून कधी सोडला असता, असे वाटत नाही.

सार्वमत आणि प्रत्यावाहन

सार्वमतासाठी कायदा झाल्यापासून ९० दिवसांत ५ टक्के सह्या लागतात. सह्या पुरेशा ठरल्या की मतदान होईपर्यंत कायदा थांबतो. हा काळच कंपन्यांना हवा असतो. सुगंधी तंबाखूवरील २०२० ची बंदी अशीच २०२२ पर्यंत लांबली. मतदारांनी ती सुमारे ६३ टक्क्यांनी उचलून धरली, पण मधली दोन वर्षे विक्री चालू राहिली. प्लास्टिक पिशव्यांच्या बंदीचेही २०१६ मध्ये असेच झाले.

राज्यव्यापी पदावरील व्यक्तीच्या प्रत्यावाहनाला १२ टक्के सह्या लागतात, आमदार व अपील न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठी २० टक्के. मतपत्रिकेवर दोन प्रश्न असतात : काढावे का, आणि काढल्यास जागी कोण. दुसऱ्या प्रश्नात सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो. बहुमताची गरज नसते. त्यामुळे काढलेल्या माणसाच्या बाजूने जितकी मते पडली त्याहून कमी मतांवर नवा माणूस गव्हर्नर होऊ शकतो. हा दोष गंभीर आहे आणि दुरुस्त व्हायलाच हवा. ७ ऑक्टोबर २००३ रोजी ग्रे डेव्हिस यांना सुमारे ५५ टक्क्यांनी काढले गेले आणि १३५ उमेदवारांतून अर्नोल्ड श्वार्झनेगर निवडून आले. सप्टेंबर २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम मात्र सुमारे ६२ टक्के मतांनी टिकले.

भारतातील संबंधित तरतुदी

भारतात खासदार-आमदारांच्या प्रत्यावाहनाची तरतूद नाही. सी. के. चंद्रप्पन यांनी १९७४ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक आणले होते, ते मंजूर झाले नाही. २०११ च्या आंदोलनानंतर अण्णा हजारे यांनी ही मागणी पुन्हा लावून धरली. महाराष्ट्रात थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव तीन-चतुर्थांश सदस्यांनी मंजूर केल्यावर विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाला जातो. सुरुवात सदस्य करतात, मतदार नव्हे. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणावर जनमत कौल झाला. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. तो कौल संसदेच्या कायद्याने घेतला होता, सह्यांच्या अर्जाने नव्हे.

सह्यांवरून सुरू होणारे मतदान महाराष्ट्राला माहीत आहे ते दारूबंदीचे. गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान होते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. ऑरेगनच्या मतदारांनी १९०४ मध्ये लोकोपक्रमाने केलेल्या पहिल्या दोन कायद्यांपैकी एक याच विषयावर होता : दारूविक्री चालू ठेवायची की नाही हे स्थानिक मतदारांनी ठरवावे.