जँगो तुमच्या कॉम्प्युटरवर बसवताना

काम पूर्ण झालं की सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आम्ही ग्राहकाच्या हातात देतो. पतसंस्थेची सभासद नोंदवही असो, दुकानाचं बिलिंग असो की क्लासच्या फीचा हिशेब, कोड तुमचा. तो आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून बघायचा असेल, किंवा उद्या दुसऱ्या कुणाकडून त्यात बदल करून घ्यायचे असतील, तर त्या मशिनवर जँगो लागतं, म्हणजे ज्याच्यावर हा कोड उभा आहे ते सॉफ्टवेअर. ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारं कुणी किंवा घरातलं इंजिनिअरिंगला असलेलं पोर हे काम सहज करेल. हे पत्रक त्यांच्या हातात द्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. जँगो स्वतः पाच मिनिटांत बसतं. अडतं ते त्याच्या आधी, पायथॉनपाशी, म्हणजे जँगो ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे तिच्यापाशी. म्हणून या पत्रकात जागाही पायथॉनलाच जास्त दिली आहे.

टाइप करायच्या इंग्रजी ओळी इथे छापलेल्या नाहीत. कोडच्या फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची फाइल आहे, तिच्यात त्या क्रमाने आहेत. तिथून कॉपी करा, हाताने टाइप करत बसू नका. आणि ती फाइल नोटपॅडमध्येच उघडा. वर्डमध्ये ओळ टाइप केली की वर्ड आपल्या मनाने सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतं. आपल्या डोळ्यांना फरक जाणवत नाही, कॉम्प्युटर मात्र अडून बसतो.

जँगो आहे तरी काय

पायथॉन भाषेतलं वेब फ्रेमवर्क. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसशी बोलणं ही प्रत्येक वेबसाइटला लागणारी कामं त्यात तयार मिळतात. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे कुणालाही द्यायचे नाहीत. 2003 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहरातल्या वर्तमानपत्राच्या वेब विभागात ते आकाराला आलं आणि 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीच्या धंद्यात जन्मल्यामुळे कोड न येणाऱ्या माणसाला नोंदी भरता याव्यात, ही सोय त्यात पहिल्यापासून आहे. नवा सभासद टाकताना तुम्ही जे ‘अ‍ॅडमिन’ पान उघडता ते बहुतांशी जँगोचंच. आम्ही ते शून्यातून बांधलं असतं तर बिल नक्कीच वाढलं असतं!

आधी पायथॉन

तुमचा कोड जँगो 5.2 वर आहे. हे एप्रिल 2025 मध्ये आलेलं दीर्घ मुदतीचं व्हर्जन. सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल 2028 पर्यंत मिळणार. त्याला पायथॉन 3.10 किंवा त्यापुढचं लागतं. आम्ही 3.13 वापरतो, तुम्हीही तेच घ्या. पायथॉनच्या अधिकृत साइटवर सगळ्यात ठळक बटण 3.13 चं असेलच असं नाही. ते सोडून विंडोजच्या यादीत जा आणि 3.13 चा 64-बिट इन्स्टॉलर उतरवा.

काउंटरवरच्या मशिनवर विंडोज 7 असेल तर इथेच थांबा. पायथॉन 3.9 पासून पुढचं काहीही विंडोज 7 वर चालत नाही, आणि 3.13 ला तर विंडोज 10 किंवा 11 च हवं. इंटरनेटवर जुगाड सांगणारे भेटतील. हिशेबाच्या मशिनवर ते करू नये, असं आमचं स्पष्ट मत.

इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच खिडकीत अगदी तळाशी एक छोटा चौकोन दिसतो: पायथॉन ‘पाथ’मध्ये टाकायचं का. तो मुळात रिकामा असतो. त्यात टिक करा आणि मगच वरच्या इन्स्टॉलवर क्लिक करा. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारींचं मूळ हा चौकोन आहे. ‘पाथ’ म्हणजे एखादी आज्ञा दिल्यावर तो प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांमध्ये शोधायचा, याची विंडोजजवळची यादी. पायथॉन त्या यादीत नसेल तर मशिनवर असूनही सापडत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) पायथॉन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, तर समजा टिक राहिली. काढून टाकायची गरज नाही. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ‘मॉडिफाय’ निवडा, पुढच्या पानावर पायथॉनला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये, म्हणजे याच ‘पाथ’मध्ये, घालायचा पर्याय आहे. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टची उघडी खिडकी बंद करून नवी उघडा, कारण जुन्या खिडकीला जुनीच यादी माहीत असते.

फोल्डर कुठे ठेवायचा

सी ड्राइव्हवर सरळ, छोट्या इंग्रजी नावाचा फोल्डर करा. मधे स्पेस नको. डेस्कटॉप टाळा, कारण बऱ्याच मशिनवर डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असतो आणि मग हजारो बारीकसारीक फाइल्स इंटरनेटवर चढत बसतात.

या फोल्डरात ‘व्हेन्व्ह’ तयार करायचं, म्हणजे फक्त या एका कामापुरतं पायथॉनचं वेगळं बिऱ्हाड. चाळीत प्रत्येक खोलीचा वीजमीटर वेगळा असतो, तसंच हे. दुसऱ्या प्रोजेक्टला जँगोचं वेगळं व्हर्जन लागलं तरी इथलं बिघडत नाही. ते चालू केलं की ओळीच्या सुरुवातीला कंसात त्याचं नाव दिसतं. नाव दिसलं नाही तर पुढे जाऊ नका.

पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची दुसरी खिडकी) व्हेन्व्ह चालू करताना लाल अक्षरांत ‘स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर आला, तर घाबरू नका. व्हायरस नाही, विंडोजची नेहमीची खबरदारी आहे. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून तिथे रीडमीमधली ओळ चालवा.

व्हेन्व्ह पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्या मशिनवर नेता येत नाही. त्यात या मशिनचे पत्ते लिहिलेले असतात. कोड न्या, व्हेन्व्ह तिकडे नव्याने करा.

आता जँगो

इंटरनेट चालू ठेवा आणि ‘पिप’ची, म्हणजे पायथॉनसाठी लागणारी सॉफ्टवेअर उतरवून बसवणाऱ्या साधनाची, ओळ चालवा. ती आमच्या यादीतून नेमकी व्हर्जन्स आणते. आकडा न देता नुसतं जँगो मागवलं तर त्या मशिनवर चालणारं सगळ्यात नवं येतं, आणि तुमचा कोड त्यावर तपासलेला नाही.

पुढे ‘मायग्रेट’, त्याने डेटाबेसमधले तक्ते तयार होतात. मग अ‍ॅडमिनचं नाव आणि पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करा, एंटर दाबा.

शेवटी ‘रनसर्व्हर’, म्हणजे जँगोसोबत येणारा चाचणीचा सर्व्हर. ब्राउझरमध्ये 127.0.0.1:8000 हा पत्ता टाका, लॉगिनचं पान येईल. ब्राउझरने पुढे एचटीटीपीएस लावलं तर पान उघडणार नाही. ‘एस’ काढून टाका. काळी खिडकी मिटवली की सर्व्हर बंद पडतो, म्हणून ती बंद न करता मिनिमाइज करून ठेवा.

कुणाला हौसेने स्वतःचा नवा प्रोजेक्ट सुरू करायचा असेल तर जरूर करा. तिथे रॉकेटचं चित्र असलेलं पान दिसलं की जमलं. फक्त सेटिंग्जमध्ये वेळ मुळात यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळ) असते, ती एशिया/कोलकाता करा. नाहीतर सकाळी 10 ला फाडलेली पावती पहाटे 4:30 ची दिसेल.

हे लक्षात असू द्या

तुमच्या मशिनवरची ही प्रत चाचणीची. तिचा डेटा एका एसक्यूलाइट फाइलमध्ये (एकाच फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) राहतो, आपल्या खऱ्या सर्व्हरशी त्याचा संबंध नाही. इथे भरलेली पावती खऱ्या हिशेबात येत नाही आणि इथे पुसलेला सभासद तिथून पुसला जात नाही. बिनधास्त खेळा. पण ‘रनसर्व्हर’वर दुकान चालवू नका, तो त्यासाठी बनवलेलाच नाही, जँगोची माणसंही हेच सांगतात. आणि सेटिंग्ज फाइलमधली ‘सिक्रेट की’, म्हणजे साइटच्या सुरक्षेची गुप्त किल्ली, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका, आम्हालाही नाही.

अडलं तर पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो नको. एररचा मजकूर लांबलचक असतो, पण कामाची असते ती बहुतेक वेळा शेवटची ओळ. तेवढी कॉपी करून पाठवा. त्या ओळीत ‘नो मॉड्यूल नेम्ड जँगो’ असं असेल तर फोनही करू नका. व्हेन्व्ह चालू करायचं राहिलं आहे.