तुमचा चारिझार्ड कोणत्या छपाईचा?

"हे कार्ड ओरिजिनल आहे का हो?" आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. खरं तर हे दोन प्रश्न आहेत. कार्ड खरं की नकली, हा एक. आणि खरं असेल तर ते पहिल्या छपाईचं की नंतर पुन्हा छापलेलं, हा दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की माणूस एक तर फसतो, नाहीतर घरातली चांगली वस्तू कवडीमोलाने देऊन बसतो. म्हणून पोकेमॉनच्या कार्डांबद्दलचं हे पत्रक. हातात भिंग असेल तर उत्तमच. मोबाइलचा कॅमेरा झूम केलात तरी चालेल.

पोकेमॉनचं सर्वांत जास्त विचारलं जाणारं कार्ड म्हणजे चारिझार्ड, आग ओकणारा ड्रॅगनसारखा प्राणी. चित्र मित्सुहिरो अरिता यांचं. जपानमध्ये ते ऑक्टोबर १९९६ मध्ये आलं, तिथे त्याचं नाव लिझार्डन. त्या पहिल्या जपानी छपाईतल्या कार्डांवर दुर्मिळतेचं चिन्हच नाही, आणि संग्राहक नेमकी तीच शोधत असतात. इंग्रजी कार्ड विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकी कंपनीने जानेवारी १९९९ मध्ये 'बेस सेट' या संचात काढलं. उजव्या कोपऱ्यात वर एचपी (खेळातली जीवनशक्ती) १२०, खाली ४/१०२, म्हणजे १०२ कार्डांच्या संचातलं चौथं, आणि शेजारी दुर्मिळतेचं चिन्ह असलेला काळा तारा.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं मात्र बारकाईने पाहा, कारण त्या एकाच संचात या कार्डाची चार रूपं आहेत.

चित्राच्या डाव्या कोपऱ्याखाली '१' आकडा आणि 'एडिशन' अशी छोटी काळी मोहोर असेल तर ते फर्स्ट एडिशन. मोहोर नाही, पण चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला करडी सावलीही नाही, तर ते शॅडोलेस. सावली दिसली की ते अनलिमिटेड. लोकांकडे सापडणारी जुनी कार्डं बहुतेक याच छपाईची असतात. सावली ओळखायला अवघड वाटत असेल तर कार्डाच्या तळाची बारीक ओळ वाचा. फर्स्ट एडिशन आणि शॅडोलेसवर निन्टेन्डोच्या नावाआधी ९५, ९६, ९८, ९९ अशी चार वर्षं आहेत. अनलिमिटेडवर त्यातलं ९९ गाळलेलं आहे. विझर्ड्सच्या नावाआधीचं १९९९ तिन्हींवर असतं, त्यामुळे तेवढंच वाचून घाई करू नका.

चौथ्या रूपाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. एक ताई स्टीलच्या डब्यातून कार्डं घेऊन आल्या. त्यांच्या मामांनी लंडनहून आणलेली, शाळेत असतानाची. आधी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, "तळाला १९९९-२००० लिहिलंय, म्हणजे हे डुप्लिकेट." त्या फक्त खात्री करायला आल्या होत्या, नकली निघालं तर भाच्याला खेळायला देणार होत्या. कार्ड अस्सल होतं. विझर्ड्सच्या नावाआधी १९९९-२००० अशी वर्षं असलेली ही शेवटची छपाई मुख्यतः ब्रिटनमध्ये विकली गेली, म्हणूनच ती मामांच्या हाती लागली. तुमचे नातेवाईक त्या काळात तिकडे असतील तर जुना डबा एकदा उघडून बघा, ही मनापासून विनंती.

आता भावाबद्दल. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेत पीडब्ल्यूसीसी या कंपनीच्या लिलावात एक चारिझार्ड ४,२०,००० डॉलरला गेला. ती बातमी मोबाइलवर दाखवत लोक दुकानात येतात. पण ते कार्ड फर्स्ट एडिशन होतं, आणि पीएसए या ग्रेडिंग कंपनीने त्याला १० पैकी १० गुण दिलेले होते. कोपरा किंचित पांढरा पडला, होलोवर, म्हणजे चित्राच्या चमकत्या भागावर, एक ओरखडा आला, की गुण उतरतात आणि त्यांच्यासोबत किंमतही. तुमच्या अनलिमिटेडला तो आकडा लावून आम्ही तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

पुढची पुनर्मुद्रणं. २००० मध्ये बेस सेट २ आला. त्यात क्रमांक ४/१३०, आणि चित्राखाली उजवीकडे पोकेबॉल व २ असं संचाचं चिन्ह. १९९९च्या मूळ इंग्रजी संचावर असं चिन्ह नसतं. २००२च्या लेजंडरी कलेक्शनमध्ये क्रमांक ३/११०. त्याचा रिव्हर्स होलो आम्हाला स्वतःला फार आवडतो: चित्र साधं, आणि बाकी सगळ्या कार्डावर आतषबाजी फुटल्यासारखी चमक. पुनर्मुद्रण असूनही त्याला उत्तम मागणी आहे. २००८च्या स्टॉर्मफ्रंटमध्ये क्रमांक १०३/१००. हा आकडा बघून लोक चपापतात, पण ती छपाईची चूक नाही; मोजणीच्या बाहेर ठेवलेलं 'सीक्रेट' कार्ड आहे ते. २०१६च्या इव्होल्यूशन्समध्ये ११/१०८.

सगळ्यात जास्त फसवणूक २०२१च्या सेलिब्रेशन्समधल्या कार्डावरून होते. पोकेमॉनच्या २५ वर्षांनिमित्त ते काढलं, आणि मान म्हणून जुना क्रमांक ४/१०२ तसाच ठेवला. कार्ड अधिकृत आहे, देखणं आहे. पण चित्राखाली उजवीकडे २५चं चिन्ह आणि तळाला २०२१ हे साल आहे. ऑनलाइन फोटोत नेमका तो भाग अंगठ्याखाली झाकलेला असेल, तर विकणाऱ्याकडे दुसरा फोटो मागा. दिला नाही तर सौदा सोडा.

नकली कार्डाचं काय? मोबाइलचा टॉर्च मागून लावा. खऱ्या कार्डाच्या पोटात गडद थर असतो, त्यामुळे उजेड फारसा आरपार येत नाही. नकली बहुधा कंदिलासारखं उजळतं. कडेने पाहिलंत तर तो थर बारीक रेघेसारखा दिसतो. पाठीचा निळा रंग जांभळट वाटला, अक्षरं जाड किंवा फुटकी दिसली, तर शंका घ्या. 'पूर्ण कार्ड चमकतं म्हणजे नकली' हा नियम मात्र लावू नका, रिव्हर्स होलो आत्ताच सांगितला. रस्त्यावर मिळणारी सोनेरी प्लास्टिकची कार्डं खेळण्यातली. मुलांना जरूर घेऊन द्या, गुंतवणूक म्हणून नको. आणि खरं-खोटं ठरवायला कार्ड वाकवून किंवा कोपरा फाडून कधीच बघू नका.

पावसाळ्यात होलो कार्डं धनुष्यासारखी वळतात. कागद दमट हवेतला ओलावा शोषतो, चमकीचा थर शोषत नाही, म्हणून हा बाक येतो. इस्त्री, हेअर ड्रायर, जाड पुस्तकाखाली दाबणं, यातलं काहीही करू नका. स्लीव्ह (पातळ प्लास्टिकचं पाकीट), त्यावर टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं कव्हर), आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं. रबरबँड तर आजच काढा. कडेला त्याची खाच पडली की ती परत जात नाही.

नुसतं बघून छपाई सांगायचे आम्ही पैसे घेत नाही, मग कार्ड तुम्ही आम्हाला विका अथवा न विका. तपासणी तुमच्या समोर, काउंटरवरच होते. कार्ड आत नेलं जात नाही. येताना ते स्लीव्हमध्ये घालून आणा, मोबाइलच्या कव्हरमागे खोचून नको.