"सर, यानं मले मारलं": शाळेतलं कोर्ट मास्तरच्याच गळ्यात कसं पडलं

आमच्या यवतमाळकडच्या झेडपी शाळेत मधली सुट्टी संपली की पहिलं वाक्य हेच, मग मास्तर कोर्ट भरवणार, साक्षीदार चार अन् चौघांचं सांगणं चार तऱ्हेचं, मूळ भांडण कंच्यांवरून होतं की पेन्सिलीवरून हे शेवटपर्यंत कळत नाही.

आधी सोपं होतं, म्हणजे वाईटच पण सोपं. दोघांनाही एकेक छडी, केस खलास. शाळा सुटली की नाल्यापाशी तीच मारामारी पुन्हा सुरू, ते गुर्जींना दिसायचं नाही एवढंच. मग 2009 चा आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायदा आला, 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच्या कलम 17 नं मारणं अन् मानसिक त्रास देणं दोन्ही बंद केलं. बरोबरच केलं. पण छडी ठेवून द्या म्हटलं, तिच्या जागी हातात काय घ्यायचं ते त्या कलमात नाही.

आणि माणसं किती? त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला 60 पोरांपर्यंत दोनच शिक्षक. कलम 27 म्हणतं शिक्षकाला बाहेरची कामं देऊ नका, फक्त जनगणना, आपत्ती अन् निवडणूक सोडून, आता ह्या निवडणुकीच्या फटीतूनच बीएलओगिरी, म्हणजे बूथवरच्या मतदार यादीचं काम, आत शिरली ना बाप्पा! एक मास्तर मतदार यादी घेऊन गावात, दुसऱ्याच्या अंगावर सगळी पोट्टी, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, वरून भांडणं. अशा थकव्याला 1974 मध्ये अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं बर्नआउट म्हटलं, 2019 मध्ये डब्ल्यूएचओनं सांगितलं की हा आजार नाही, कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. आमच्याकडे त्याला 'मास्तर चिडका आहे' म्हणतात.

गंमत अशी की पोरांवरच जबाबदारी टाकायची वेगळी वाट वर्ध्यातच होती. ऑक्टोबर 1937 च्या तिथल्या परिषदेतून नई तालीम, म्हणजे गांधीजींची कामातून शिकायची पद्धत, निघाली, सेवाग्रामच्या शाळेत पोरं आमसभा भरवायची, आपले मंत्री निवडायची, कामाचा हिशोब एकमेकांनाच द्यायची. पुढं 2009 मध्ये बीडमध्ये सुरू झालेलं मूल्यवर्धन, म्हणजे शाळेत मूल्यं शिकवायचा कार्यक्रम, राज्यभर पसरलं, त्यातही जोडीनं अन् गटात बसून बोलणं आहेच.

काही शाळांत आता भांडणारे दोघं निंबाखाली बसतात, एक बोलतो, दुसऱ्यानं ते आधी परत सांगायचं, मगच आपलं, मधे पंच म्हणून चौथीतली एखादी पोट्टी. पहिले पंधरा दिवस मास्तरचा वेळ उलट जास्तच जातो, अन् नेमका तेव्हाच तहसीलमधून यादीसाठी फोन येतो.