गेम "संपवणं" कधीपासून सुरू झालं?

व्हिडीओ गेमला शेवट असावा ही कल्पनाच मुळात उशिरा आली. आज एखादा गेम खेळून झाला की आपण लगेच म्हणतो शेवट भारी होता, किंवा शेवटी पार माती केली राव, पण सुरुवातीच्या मशीनींना शेवट नकोच होता, कारण त्या मशीन नाण्यावर चालायच्या. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स घ्या, तैतो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादोने बनवलेला. एलियन खाली येत राहतात, तुम्ही मारत राहता, सगळे मारले की परत नवीन रांग आणि आधीपेक्षा खाली. जिंकणं नाहीच, फक्त किती वेळ टिकलात एवढंच. दुकानदाराचं गणित सरळ होतं, पोरगं लवकर मेलं की पुढचं नाणं. त्याला शेवट दाखवून कोणाचा काय फायदा?

त्यामुळे त्या काळात खरोखर "शेवटाला" पोचलेल्या लोकांना जे दिसलं ते कोणी लिहिलेलंच नव्हतं. पॅकमॅन (१९८०) मध्ये लेव्हलचा आकडा एका बाइटमध्ये ठेवलेला, म्हणजे ० ते २५५. २५६ व्या लेव्हलला आकडा परत शून्यावर येतो, खाली फळांची चित्रं काढणारा कोड गोंधळतो आणि उजवी अर्धी स्क्रीन अक्षरं-आकड्यांच्या कचऱ्याने भरून जाते. पुढे जाता येत नाही कारण खायचे ठिपकेच पुरेसे उरत नाहीत. डाँकी काँगमध्ये (१९८१) २२ व्या लेव्हलला वेळेचं गणित असंच फिरतं आणि माकडापर्यंत पोचायच्या आतच टायमर संपून मारिओ जागच्या जागी मरतो. म्हणजे गेममधला पहिला शेवट हा एक बग, म्हणजे कोडमधली चूक होती, आणि लोकं तिथपर्यंत पोचल्याचा अभिमान बाळगायची!

याच काळात एक माणूस मात्र वेगळा विचार करत होता. अटारी कंपनीचा डेव्ह थ्यूरर, मिसाइल कमांड, १९८०. सहा शहरं आहेत, वरून क्षेपणास्त्रं पडतायत, तुम्ही ती हवेत फोडायची. शीतयुद्धाचे दिवस, बनवताना त्याला स्वतःला अणुहल्ल्याची स्वप्नं पडायची. हा गेमही जिंकता येत नाही, पण सगळी शहरं गेली की तिथे नेहमीचं "गेम ओव्हर" येत नाही, मोठा स्फोट होतो आणि "द एन्ड" येतं. दोन शब्दांचा फरक, बास. पण "गेम ओव्हर" म्हणजे तुझा डाव संपला आणि "द एन्ड" म्हणजे सगळंच संपलं, नाणं टाकून काही परत येणार नाही. माझ्या मते लक्षात राहणाऱ्या शेवटाची सुरुवात इथे आहे, बाकीचे इतिहासकार काय म्हणायचं ते म्हणोत.

मग कन्सोल, म्हणजे टीव्हीला लावायचा गेमचा डबा, घरात आला आणि गणित उलटं झालं. कॅसेटचे पैसे आधीच दिलेत म्हणल्यावर गिऱ्हाइकाला पोचण्यासारखी जागा तर द्यायला हवी. पण द्यायला जागाच नव्हती! सुपर मारिओ ब्रोस (१९८५) हा अख्खा गेम ४० केबीचा. आज फोनवर आलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो. त्यामुळे आठव्या जगाच्या चौथ्या स्टेजला पोचल्यावर राजकन्या थँक्यू म्हणते, तुझी मोहीम संपली सांगते आणि पुढच्याच वाक्यात म्हणते आता नवी मोहीम घे. झालं. घोस्ट्स अँड गॉब्लिन्स तर त्याहून बेरकी, जीव काढून शेवटाला पोचलात की सांगतात हे सगळं मायाजाल होतं, परत पहिल्यापासून या. दुसऱ्यांदा संपवल्यावर मग "कॉन्ग्रॅच्युरेशन", ते पण चुकीच्या इंग्रजीत.

आपल्याकडे हे सगळं टीव्हीला लावायच्या नकली डब्यांतून आलं, कॅसेटवर "९९९९ इन १" आणि आत फिरून फिरून तेच पाचसहा गेम. सेव्ह नावाची गोष्ट नाही. एकदा मी आणि माझा आत्तेभाऊ आठव्या जगापर्यंत गेलो होतो, रिमोट घामाने ओला झालेला, आत्या जेवायला हाका मारतीये, आणि त्या राक्षसाच्या पुलावर पाय ठेवला आणि लाईट गेली. लोडशेडिंग. राजकन्या मी कितीतरी वर्षांनी बघितली, आणि खरं सांगू का, ते थँक्यू बघून एवढंच वाटलं की एवढ्यासाठी?

गेम पार्लरमध्ये तर शेवट हा गर्दीने बघायची गोष्ट होती. कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स (१९९३) आपल्याकडे कोणीच त्या नावाने ओळखत नाही, त्यातल्या एका हिरोच्या नावावरून तो "मुस्तफा"च. एखादा मोठा पोरगा टोकनवर टोकन टाकत शेवटच्या बॉसला पोचला की बाकीच्या मशीन सोडून सगळे त्याच्यामागे उभे.

मधल्या काळात जपानमध्ये दोन गोष्टी घडल्या ज्यांनी शेवट जड केला. एक म्हणजे शेवट कसा मिळेल हे तुमच्या खेळण्यावर ठेवलं. मेट्रॉइड (१९८६) पाच तासांच्या आत संपवला तर त्यातला हिरो सामस हेल्मेट काढते आणि कळतं की चिलखतातली ती बाई आहे, ही बातमी तेव्हा मित्रामित्रांत पसरली. बबल बॉबल (१९८६) एकट्याने संपवला की तो खरा शेवट नाही, मित्राला घेऊन या, म्हणतो. दुसरी गोष्ट कंटाळवाणी वाटेल पण महत्त्वाची आहे ती म्हणजे बॅटरी. कॅसेटमध्ये छोटी बॅटरी बसवून खेळ साठवता यायला लागला, अमेरिकेत १९८७ ला झेल्डा असाच आला, आणि त्यामुळे गेम एका बसणीचा न राहता आठवड्यांचा झाला. तीन आठवडे ज्याच्यासोबत काढले त्याचा निरोप दोन ओळींत उरकता येत नाही. १९९५ चा क्रोनो ट्रिगर तर दहापेक्षा जास्त शेवट घेऊन आला आणि संपवल्यावर कमावलेलं सगळं घेऊन परत सुरू करायची सोय, न्यू गेम प्लस, तिथूनच रूढ झाली.

मग सीडी आली आणि माझ्या मते इथे थोडी गडबड झाली. फायनल फँटसी सेव्हन (१९९७) तीन सीडींवर, शेवटी व्हिडीओ, संगीत, ५०० वर्षांनंतरचं दृश्य, आणि सगळ्या कंपन्यांना वाटायला लागलं की शेवट म्हणजे व्हिडीओ. बॉस मारा, रिमोट खाली ठेवा, पिक्चर बघा. बघायला छान वाटायचं, खोटं कशाला बोलू, पण तो शेवट हातातून गेला, डोळ्यात आला.

आणि खरा मुद्दा मला हाच मांडायचाय. शेवट आठवत राहतो तो गोष्ट काय संपली यापेक्षा शेवटच्या क्षणी बोटांना काय करायला लावलं याने. याचं मूळ शोधायला गेलं तर १९८९ ला सापडतं, आणि ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये खेळलंय. जॉर्डन मेकनरचा प्रिन्स ऑफ पर्शिया. ६० मिनिटं, बारा लेव्हल. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारता आणि तुमची सावली सुटून पळते, पुढे त्रास देत राहते, औषध पिऊन जाते, दरवाजा लावते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर. आतापर्यंत समोर कोणी आलं की शिफ्ट दाबायचं एवढंच बोटांना माहीत. इथे शिफ्ट दाबलं, सावलीला लागलं, तर तुमचंच लाईफ कमी! परत मारलं, परत आपलंच. मरून मरून डोकं खाजवल्यावर कोणीतरी चुकून खालचा बाण दाबतं, तलवार म्यानात जाते, सावलीही म्यान करते, आणि दोघं चालत येऊन एक होतात. एक डायलॉग नाही. पुढे वजीर, राजकन्या, मिठी, ते सगळं आहे, पण मला खेळलेला एकही माणूस भेटला नाही ज्याला वजीर आधी आठवतो.

पुढे हीच युक्ती वेगवेगळ्या लोकांनी वापरली. मेटल गिअर सॉलिड ३ (२००४) मध्ये दिग्दर्शक कोजिमाने व्हिडीओ लावला, पांढऱ्या फुलांचं माळरान, जमिनीवर पडलेली तुमची गुरू, हातात बंदूक, आणि काहीच होत नाही. कटसीन अडकला का काय असं वाटतं, मग लक्षात येतं, ट्रिगर आपल्यालाच दाबायचाय. रेड डेड रिडेम्प्शन (२०१०) मध्ये पूर्ण गेमभर शिकवलंय की वेळ मंदावली की सगळ्यांवर निशाणा धरून सगळे आडवे करायचे, आणि शेवटी गोठ्याचं दार उघडतं, समोर सैनिकांची रांग, वेळ मंदावते, तुम्ही पटापट मारत सुटता, आणि ते पुरत नाही. ब्रदर्स (२०१३), जोसेफ फारेसचा, तर त्याहून साधा. रिमोटवरची डावी काठी मोठ्या भावाची, उजवी धाकट्याची. धाकट्याला पाण्याची भीती, कायम मोठ्याच्या पाठीवर बसून पोहायचा. मोठा मरतो, डावा हात रिकामा होतो. घरी परतताना परत नदी, धाकटा काठावर अडतो, उजव्या बटणाने काहीच होत नाही. मग तुम्ही डावं बटण दाबता, मेलेल्या भावाचं, आणि तो पोहायला लागतो. मी तिथे गेम पॉज करून पाच मिनिटं बसून होतो.

आता याच्या उलटं उदाहरण, ज्याच्यावरून सगळ्यात मोठा राडा झाला. मास इफेक्ट ३, मार्च २०१२. तीन गेम, पाच वर्षं, सेव्ह फाईल एकातून दुसऱ्यात न्यायची, कोण जगलं कोण मेलं सगळं लक्षात ठेवलं जायचं. आणि शेवटी तीन पर्याय, लाल, निळा, हिरवा, आणि तिन्हींचे व्हिडीओ रंग सोडले तर जवळपास सारखेच. लोकं भडकली. कोणी अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली, चाहत्यांनी निषेध म्हणून लहान मुलांसाठीच्या धर्मादाय संस्थेला ८०,००० डॉलरच्या वर निधी गोळा करून दिला, आणि कोणीतरी गेम बनवणाऱ्या बायोवेअरच्या ऑफिसला तीन रंगांच्या आयसिंगचे ४०० कपकेक पाठवले, चव तिन्हींची एकच, व्हॅनिला! निषेध असावा तर असा. जूनमध्ये कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला. बरेच जण म्हणतात शेवट दुःखी होता म्हणून लोकं चिडली, मला नाही पटत. रेड डेडचा शेवट काय सुखी होता का? पाच वर्षं बोटांनी जे केलं त्याला शेवटच्या बटणात जागाच नव्हती, ते झोंबलं.

कंपन्यांची बाजूही आहे म्हणा. शेवट सगळ्यात उशिरा बनतो, तेव्हा पैसे आणि वेळ दोन्ही संपत आलेले असतात, आणि तो बघणारे सगळ्यात कमी, त्यामुळे कात्री आधी तिथेच लागते. स्टार वॉर्सचा नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २ (२००४) असाच घाईत बाहेर पडला, मग चाहतेच फायलींत पडून राहिलेले तुकडे शोधून वर्षानुवर्षं जोडत बसले. आता इंटरनेटमुळे शेवट नंतरही दुरुस्त होतो, बाल्डर्स गेट ३ ला २०२३ मध्ये रिलीजनंतर काही महिन्यांनी सगळ्या सोबत्यांची निरोपाची पार्टी अपडेटमधून मिळाली.

आणि निअर ऑटोमाटा, २०१७, योको तारो. त्याला ए ते झेड २६ शेवट, त्यातले बरेच नुसते थट्टेचे. पण ई मध्ये श्रेयनामावली चालू होते आणि ती तुमच्यावर गोळ्या झाडते, बनवणाऱ्यांची नावं तुम्ही गोळ्या घालून फोडायची. एकट्याने जवळपास अशक्य. मरत राहता, गेम विचारत राहतो, सोडून देतोस का? मग कधीतरी मदत येते, जगभरातल्या अनोळखी खेळाडूंची छोटी विमानं तुमच्याभोवती गोल फिरायला लागतात, आणि एखाद्याला गोळी लागली की खाली ओळ येते, अमुक अमुकचा डेटा गेला. पार झालात की प्रश्न. तुला पण कोणा अनोळखी माणसाला अशी मदत करायचीये का? त्यासाठी तुझा सगळा सेव्ह पुसला जाईल. नक्की? खरंच नक्की?

मी हो दाबलं, रात्रीचे दोन वाजले असतील. मेनू उघडून एकेक पान पुसत गेलं, शस्त्रं, नकाशा, माशांची यादी, जी मी उगाच पूर्ण केली होती. दुसऱ्या दिवशी आत्तेभावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे लाईट गेली तसंच की. म्हणलं नाही रे, यावेळी बटण मी दाबलं.