सर्व्हरची कीर्द-खतावणी

जुन्या पेढीवर दिवाणजी दोन वह्या सांभाळत. दिवसभराचा व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत आणि तोच मग गिऱ्हाईकवार खतावणीत. रोजकीर्दीत खाडाखोड नाही. चुकलं तर खाली उलटी नोंद. घटनांची माहिती साठवणारा सर्व्हर बांधायचा तर या दोन वह्या डोळ्यांपुढे असाव्यात.

समजा, रिक्षा बोलावण्याचं अ‍ॅप आहे. बोलावली, निघाली, पोहोचली, पैसे दिले: या चार घटना. प्रत्येकीत काय घडलं, कुणाच्या बाबतीत आणि केव्हा. त्या नुसत्या शेवटी जोडत जायच्या. याला लॉग म्हणतात. लिंक्डइनने 2011 मध्ये खुली केलेली काफ्का ही प्रणाली मुळात अशी रोजकीर्दच आहे.

शेवटीच का? मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे 8.3 मिलिसेकंदांची. इकडेतिकडे लिहीत बसलं, की दर वेळी सरासरी अर्धी फेरी खोळंबा, शिवाय लिहिणारा दांडा सरकण्याचा वेळ वेगळा. सलग लिहिताना ही वाट पाहणं जवळजवळ संपतं.

पण ‘या प्रवाशाच्या गेल्या महिन्यातल्या फेऱ्या दाखव’ म्हटलं, की रोजकीर्द पहिल्या पानापासून चाळायची? इथे खतावणी लागते, म्हणजे इंडेक्स. 1970च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीत बायर आणि मक्रेट यांनी त्यासाठी बी-ट्री ही झाडासारखी, फांदीफांदीने खाली उतरणारी रचना मांडली. एका पानावरून 500 वाटा फुटत असतील, तर तीन पायऱ्यांत साडेबारा कोटी नोंदींपैकी हवी ती सापडते! मात्र प्रत्येक इंडेक्स लिहिताना वेळ खातो. नवशिके दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स लावतात आणि मग सर्व्हर रांगतो.

खरी डोकेदुखी वेळेची. घाटात रेंज गेली, तर फोन घटना धरून ठेवतो आणि तासाभराने पाठवतो. म्हणून घडल्याची आणि पोहोचल्याची, दोन्ही वेळा लिहायच्या. सर्व्हरने दिलेली पोच वाटेत हरवली, तर फोन तीच घटना पुन्हा धाडतो. फोननेच तिला आधी क्रमांक दिलेला असेल, तरच सर्व्हर दुसरी प्रत ओळखून बाजूला सारतो.

खतावणी बिघडली तर फाडून टाकावी, रोजकीर्द वाचत नवी लिहावी. उलटं होत नाही: नुसत्या बाकीवरून कुठल्या दिवशी काय घडलं, हे दिवाणजीलाही सांगता येत नसे.