प्रत्येक डबी तपकिरीची नसते

रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारली की एखादी इवलीशी पितळी डबी पुढे येतेच. "पेशवाईतली तपकिरीची डबी आहे साहेब!" घेणारा खूश. घरी शोकेसमध्ये तशीच चिठ्ठी लागते. आत डोकावून कोणी बघत नाही. बहुतेक वेळा ते चुनाळू, म्हणजे पानाच्या चुन्याची डबी असतं.

दोन तोंडांची तंबाखू-चुन्याची डबी सगळ्यांना ठाऊक आहे, आजही पानपट्टीवर मिळते. तिच्यावर शाई खर्च करत नाही. घोळ होतो तो एकाच झाकणाच्या जुन्या डबीचा. नक्षी बघून काही कळत नाही, ती दोन्हींवर असते. झाकणाच्या आतल्या कडेला आणि बिजागरीच्या खाचेत टाचणी फिरवा. तपकीर म्हणजे तंबाखूची वस्त्रगाळ पूड, ती कोरडीच ठेवतात. खाचेतून तांबूस भुकटी निघते आणि नाक तिथे नेलंत तर शिंकही येईल. चुना भरतात ओला. उरलासुरला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे दगडासारखा घट्ट होतो आणि कोपऱ्यात पांढरा थर धरतो. त्या खरवडीवर लिंबाचा थेंब टाका. फसफसली की चुना, वाद मिटला.

म्हणूनच चिंच लावून डबी लख्ख घासणाऱ्यांचा मला राग आहे. चिंचेतलं आम्ल तोच थर विरघळवतं. आमच्या घरी आजोबांची डबी दिवाळीत अशी चकाकली, आणि ती कसली होती यावर आता फक्त भांडणं उरली आहेत.

  

राहता राहिली 'पेशवाई'. ती 1818 ला संपली, आणि अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात गाळायची रीत सापडली 1886 मध्ये. तरी परवा एकाने दोन तोंडांची अ‍ॅल्युमिनियमची डबी बाजीराव-मस्तानीच्या काळातली म्हणून पुढे केली. दोन्ही झाकणं उघडली. तंबाखूची बाजू गुळगुळीत, चुन्याच्या बाजूला धातू खाऊन खड्डे पडलेले. चुना अ‍ॅल्युमिनियमला असाच खातो. शंभर देतो म्हटलं. बाजीरावाची शान राखून तो दोनशेवरच अडून बसला.